निर्वासित व आर्थिक स्थलांतरित

निर्वासित व आर्थिक स्थलांतरित : छळाच्या भयाने स्वदेश सोडावा लागलेली व्यक्ती निर्वासित आणि अधिक चांगल्या उपजीविकेसाठी स्वेच्छेने देशांतर करणारी व्यक्ती आर्थिक स्थलांतरित, असा भेद आधुनिक कायद्यात केला जातो. जेथे जिवास वा स्वातंत्र्यास धोका आहे, तेथे निर्वासितास परत पाठविता येत नाही; आर्थिक स्थलांतरिताचा प्रवेश मात्र यजमान देशाच्या इच्छेवर अवलंबून असतो. म्हणून हा भेद पुष्कळदा जीवनमरणाचा ठरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून छळ होण्याचे साधार भय असणे आणि स्वदेशाबाहेर असणे, या पात्रतेच्या प्रमुख अटी होत. १९६७ च्या पूरक संधिपत्राने मूळ करारातील कालमर्यादा व प्रदेशमर्यादा दूर केल्या. परंतु युद्धाची सर्वसाधारण धामधूम व उपासमार ही कारणे व्याख्येबाहेरच राहिली.

ही कसोटी किती अपुरी आहे, हे वऱ्हाडच्या इतिहासावरून दिसते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थक्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते व म्हाइंभटाने लीळाचरित्राची रचना येथेच केली. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्यांमुळे दक्षिणेत धामधूम माजली, तेव्हा पंथीयांची पांगापांग होऊन काहीजण कोकणाकडे गेले. त्या धावपळीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली व पुढे स्मरणाच्या आधारे ते पुन्हा सिद्ध करावे लागले, असे पंथाची परंपरा सांगते. हे लोक उपजीविकेच्या शोधात निघाले नव्हते. परंतु छळासाठी आपल्यालाच वेगळे काढले जात होते, हे आजच्या अधिकाऱ्यापुढे सिद्ध करणे त्यांना कठीण गेले असते. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अन्न व काम शोधीत गावे सोडणाऱ्यांनाही परत फिरणे शक्य नव्हते. तरी आजच्या भाषेत ते आर्थिक स्थलांतरितच ठरतील.

फाळणीनंतर भारताने स्वतःची कसोटी ठरविली. विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनासंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमात पश्चिम पाकिस्तानातून १ मार्च १९४७ नंतर दंगलींमुळे किंवा दंगलींच्या केवळ भयानेही घर सोडलेल्यांचा समावेश होता; व्यक्तिगत छळ सिद्ध करण्याची अट नव्हती. कल्याणजवळील छावण्यांतून उल्हासनगर वसले; अमरावती व अकोला येथेही सिंधी कुटुंबे स्थायिक झाली. त्यांनी व्यापारात जम बसविला, म्हणून त्यांचे निर्वासितपण कोणी नाकारले नाही. आफ्रिकी राष्ट्रांच्या १९६९ च्या कराराने परकीय आक्रमण व सार्वजनिक सुव्यवस्थेचा गंभीर भंग ही कारणेही मान्य केली.

भारत १९५१ च्या करारात सहभागी नाही व येथे निर्वासितांसाठी स्वतंत्र सर्वसाधारण कायदा नाही. तथापि संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण परकीयांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने चकमांसंबंधीच्या १९९६ च्या निर्णयात स्पष्ट केले. आश्रयार्थी नव्या भूमीत काय मिळवितो, यापेक्षा परतल्यास त्याच्यावर काय ओढवेल, हाच पात्रतेचा निर्णायक प्रश्न होय.