बंदुकीच्या दस्त्यावरील लोखंड

बंदुकीचा इतिहास बहुधा नळीचा आणि दारूचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नळी ज्यावर बसते आणि जो खांद्याला लागतो त्या लांकडी दस्त्याकडे इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः हें लांकूड आणि त्यावरील लोखंड एकमेकांशीं कसें जोडावें, ह्या प्रश्नानें शस्त्रकारांना शतकानुशतकें कोडें घातलें होतें. लांकूड पावसाळी हवेंत फुगतें आणि उन्हाळ्यांत आकसतें. लोखंडाला ओलाव्याची अशी बाधा नाहीं, परंतु तें गंजतें व तो गंज लांकडांत उतरतो. अशा भिन्न प्रकृतीच्या दोन पदार्थांना एकत्र नांदवावयाचें, आणि तेंही प्रत्येक बाराचा धक्का सोसून! हें नांदणें ज्याच्यावर अवलंबून असतें तो खिळा दिसावयास अगदीं क्षुद्र. परंतु कारागिराच्या मनांत काय होतें तें त्याच्याइतकें स्पष्ट दुसरें कांहींच सांगत नाहीं.

हिंदुस्थानांतील तोड्याच्या बंदुकीचेंच उदाहरण घ्यावें. तिची नळी लांब व जड, दस्ता सरळ व सडपातळ. नळी दस्त्याशीं चामड्याच्या वाद्यांनीं, तारेच्या वेढ्यांनीं किंवा धातूच्या कड्यांनीं आवळलेली असे. वादी सैल झाली, तर नवी बांधतां येई. लांकडाला भोंक पाडण्याचें कारण नव्हतें. त्याच बंदुकीच्या चापाजवळ मात्र दस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या पक्क्या बसविलेल्या आढळतात. कोणता भाग वारंवार सुटावा आणि कोणता सुटूं नये, ह्याचा विवेक त्या कारागिरानें आधींच केलेला होता.

युरोपांत हाच विवेक अधिक कष्टानें साधला. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी लांकडांतून आडव्या घातलेल्या बारीक खिळींनीं धरलेली असे. ह्या खिळी नळीच्या तळाशीं असलेल्या कोयंड्यांतून जात. बंदूक दिसावयास सुबक होई. परंतु नळी साफ करण्यासाठीं खिळी वरचेवर ठोकून काढल्या, कीं भोंकें मोठीं होत आणि त्यांच्या कडेच्या लांकडाचे टवके उडत. फ्रेंचांनीं १७२८ च्या नमुन्यांत खिळी सोडून नळी व लांकूड ह्यांना वेढणारीं कडीं पत्करलीं. कडें पुढें सरकविलें, कीं नळी मोकळी होई व लांकडाला इजा पोंचत नसे. इंग्रजांनीं ही युक्ति आपल्या पायदळाच्या मुख्य बंदुकीसाठीं फार उशिरां स्वीकारली. जिच्या काडतुसांवरून १८५७ सालीं हिंदुस्थानांत वणवा पेटला, त्या १८५३ च्या एनफील्ड बंदुकीची नळी तीन कड्यांनीं धरलेली होती.

पुढें भराभर गोळ्या झाडणाऱ्या रायफली आल्या. नळी तापून हात भाजूं लागले, म्हणून नळीच्या वरच्या अंगालाही पातळ लांकडाचें आच्छादन बसविण्यांत आलें. एवढ्या पातळ लांकडांत स्क्रू टिकाव धरीत नाहीं. म्हणून अशा जागीं रिव्हेट, म्हणजे आरपार घालून दुसऱ्या बाजूनें डोकें ठोकलेला खिळा, उपयोगांत आला. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या आच्छादनावरील पोलादी चाप असे रिव्हेटांनीं बसविलेले असत. दुसऱ्या महायुद्धांत साठ लाखांहून अधिक बनलेल्या ‘एम वन’ कार्बाइनच्या आच्छादनाला पुढील टोंकाशीं पत्र्याचें अस्तर असे. त्याला आरंभीं दोन रिव्हेट असत, पुढें चार झाले. स्क्रू सैनिकाला म्हणतो, ‘मला सोडव’. रिव्हेट म्हणतो, ‘मला हात लावूं नको’.

युद्ध संपल्यावर ह्या बंदुका संग्राहकांच्या हातीं आल्या, आणि जुनें तेल व मळ काढून लांकडाला नवें रूप देण्याची हौस सुरू झाली. येथेंच रिव्हेटाची आज्ञा मोडली जाते. लांकूड घांसतांना पत्रा मध्यें येतो, म्हणून उतावळा मनुष्य तो पत्रा उचकटतो. पातळ लांकूड रेषेच्या दिशेनें उभें चिरतें. काढणें अपरिहार्यच असेल, तर जाणता कारागीर मूळ घडीव डोक्याला स्पर्श करीत नाहीं. मागाहून ठोकलेलें डोकें तो कानशीनें सपाट करतो, लांकडाखालीं भक्कम आधार देतो आणि बारीक सळईनें खिळा हळूच मागें सारतो. नवा रिव्हेट जुन्याच जाडीचा व मऊ धातूचा असावा लागतो. त्याचें टोंक साधारणतः जाडीच्या दीडपट बाहेर राहील एवढीच लांबी ठेवतात, लांकडाच्या बाजूस चकती घालतात आणि हलक्या हातानें पुष्कळ ठोके देतात. एकच जबर ठोका लांकडाचे तंतू चिरडून टाकतो.

ह्याहून सूक्ष्म धोका कांचकागदाचा. लांकूड केसभर जरी अधिक घांसलें गेलें, तरी पूर्वीं त्याच्याशीं समपातळीवर असलेला धातु वर डोकावूं लागतो, आणि ही चूक कोणत्याही तेलानें भरून येत नाहीं. त्याच घांसण्यांत कारखान्यांतील तपासनिसांचे शिक्के पुसले जातात. बंदूक कोठें बनली, कोणी तपासली, पुढें कोठें दुरुस्त झाली, हें सांगणारा कागद बहुधा उरलेला नसतो; असतो तो हा लांकडावरचा ठसा. अक्रोडाच्या दस्त्यावर खिळ्याभोंवतीं दिसणारें काळें वलयही मळ नव्हे. लोखंड, ओलावा आणि लांकडांतील तुरट द्रव्य ह्यांच्या संयोगानें तें वर्षानुवर्षें उमटलेलें असतें. आणि खिळा मूळचा कीं मागाहून घातलेला, हें ठरवितांना त्याची साक्ष उपयोगी पडते.

म्हणूनच ज्याला जुनी बंदूक शोभेसाठीं नव्हे तर इतिहासासाठीं जतन करावयाची आहे, त्यानें रिव्हेट तसाच ठेवून त्याच्या कडेनें मऊ फडक्यानें मळ काढावा, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि तेथेंच थांबावें. चकाकी पुन्हां केव्हांही आणतां येते. पहिल्या कारागिरानें ठोकलेला खिळा एकदां काढला, कीं दुसऱ्या कोणाच्याही हातून तो पुन्हां पहिला होत नाहीं.