नेम आणि धाव

महाडहून निघून सावित्रीच्या काठाने पोलादपूर गाठावे, आणि तेथून डाव्या हाताला वळून आंबेनळीचा घाट चढू लागावे, म्हणजे थोड्या वेळात दोन मुलूख डोळ्यांखालून जातात. खाली भाताची खाचरे, खाडीकडे सरकत गेलेली सखल जमीन आणि दमट वारा, असा कोकणपट्टीचा प्रदेश. वर प्रतापगडाच्या पायथ्याशी दाटलेले जावळीचे रान, उतारांवरची नाचणी-वरीची शेते आणि पायवाटांवरून शेळीच्या पावलांनी चढणारी माणसे. या दोन मुलखांच्या सांध्यावर ही दोन गावे वसली आहेत, आणि या भागात गड्याची जी पारख पूर्वापार होत आली तिचे मर्मही याच सांध्यात आहे, असे मला वाटते. नेम कसा आणि धाव कशी, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत येथे माणसाची किंमत ठरत आली.

ही गोष्ट केवळ खेळाच्या मैदानापुरती नाही; तिची मुळे शिवकाळातल्या पायदळात आहेत. साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या पायदळाचे दोन प्रकार वर्णिले आहेत: घाटमाथ्यावरचे मावळे आणि कोकणातले हेटकरी. मावळ्यांचा लौकिक तलवारीचा, हातघाईच्या लढाईचा. हेटकऱ्यांचा लौकिक बंदुकीच्या अचूक नेमाचा. दहा माणसांवर नाईक, पन्नासांवर हवालदार, शंभरांवर जुमलेदार आणि हजारांवर हजारी, अशी या पायदळाची उतरंड तो देतो, आणि तिच्याच जोडीस एक गोष्ट नमूद करतो, ती मला या साऱ्या तपशिलाहून मोलाची वाटते. चाकरीस आलेल्या प्रत्येक माणसाची पाहणी महाराज जातीने करीत, आणि त्याच्या इमानाबद्दल व वर्तणुकीबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या, त्याच्या ओळखीच्या माणसाचा जामीन घेत. जो राजा हजारो माणसांचे सैन्य उभे करीत होता, त्याने एकेक माणूस उभा करून पाहावा, त्याचा हात आणि त्याचा पाय निरखावा, आणि मगच त्याचे नाव हजेरीपटावर चढवावे, यात राज्य उभारण्याची फार मोठी दृष्टी आहे. माणसाचे गुण घोळक्यात पाहून कळत नाहीत, एकेकटा पाहिल्यानेच कळतात, हे त्या दृष्टीचे सार होय.

१६५६ साली जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव होऊन रायरीचा डोंगर स्वराज्यात आला, १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा निकाल लागला, आणि १६७४ साली त्याच रायरीवर, म्हणजे रायगडावर, राज्याभिषेक झाला. अवघ्या अठरा वर्षांत महाड-पोलादपूरचा हा आडबाजूचा प्रदेश एका राज्याच्या केंद्रस्थानी आला, आणि नेम व धाव या दोन्ही गुणांना येथल्याइतके काम क्वचितच कोठे पडले असेल. कडा चढायचा तो पायांच्या भरवशावर, आणि तटावरून खाली रोखलेल्या बंदुकीचा उपयोग तो नेमाच्या भरवशावर. पोलादपूरजवळच्या उमरठ गावी तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे. १६७० च्या माघात सिंहगडाचा कडा रात्री चढून गेलेल्या त्या वीराचे नाव घेतले म्हणजे आपल्याला तलवार आठवते. परंतु तलवार उपसण्याआधी जी चढण झाली ती पायांनी केली होती, आणि तसे पाय या मुलखातली पायवाट रोज चढल्यावाचून मिळत नाहीत.

ही पात्रता कोठल्या तालमीत तयार होत होती, असे कोणी विचारले तर मी त्याला शेताच्या माळ्याकडे बोट दाखवीन. नाचणी-वरीची कणसे भरू लागली की पाखरांपासून पीक राखण्यासाठी पोरांना माळ्यावर बसवीत, आणि त्यांच्या हाती गोफण देत. गोफण म्हणजे सुताची वा अंबाडीची विणलेली दोरी, मधे खड्यापुरती झोळी, एका टोकाला बोटात अडकवायचा फास, आणि दुसरे टोक मुठीत मोकळे धरलेले. ती डोक्याभोवती गरगर फिरवताना बळ लागते, पण नेम बळाने साधत नाही. मुठीतले टोक कोणत्या क्षणी सुटले, यावर सारे अवलंबून असते. क्षणभर लवकर सुटले तर खडा आभाळात जातो, क्षणभर उशिरा सुटले तर शेजारच्या बांधावर आदळतो. पोर आधी वाटेल तसे फेकते. मग एके दिवशी त्याला तो क्षण सापडतो, आणि पुढे जन्मभर त्याच्या मनगटातून जात नाही. खडा सुटला की माळ्यावरून उडी टाकून उतारावर पाखरांमागे धावायचे, आणि धावता धावता पुन्हा खडा भरायचा, हा त्या पोरांचा दिवसभराचा उद्योग. नेम आणि धाव ही दोन्ही अशी एकाच शेतात, एकाच हंगामात, एकमेकांना धरून शिकली जात.

१८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि या गुणांची सरकारदरबारची कदर पालटली. तरी काही काळ कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या मुंबई फौजेत कोकणच्या माणसांना जागा होती, आणि त्यांत महार समाजातील शिपायांची संख्या मोठी होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. पलटणीत हवालदारापर्यंत चढून निवृत्त झालेले, आणि पुढे १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहून अस्पृश्यतेवर लेखणी चालविलेले. त्यांच्या डोळ्यांदेखत, १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, लढवय्या जमातींच्या नव्या सिद्धान्ताचा आधार घेऊन सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या समाजाच्या शिपायांनी पिढ्यान्पिढ्या निशाणा साधला होता आणि कूच केली होती, त्यांची परीक्षा आता घेतलीच जाईना. उमेदवाराचा नेम न पाहता, धाव न पाहता, त्याची जात पाहून त्याला दारावरूनच परत पाठविण्यात येऊ लागले. वलंगकरांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध सरकारकडे करावयाच्या अर्जाचा मसुदा सिद्ध केला. पुढच्याच वर्षी महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, पण भरतीचे दार मात्र उघडले नाही.

हा अन्याय हा मुलूख विसरला नाही. १९ मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याच्या पाण्याने इतिहास घडविला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लष्करबंदीचाही विषय काढला होता, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड पडली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभी राहिली होती, आणि निकड संपताच १९२१ साली ती मोडण्यात आली होती. स्वतंत्र महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ च्या ऑक्टोबरात, बेळगावास. तळ्याच्या पाण्याचा प्रश्न आणि भरतीच्या रांगेचा प्रश्न यांचे मूळ एकच होते: माणसाकडे पाहण्याच्या आधीच त्याचा निकाल लावून ठेवणे.

दरम्यान दुसरे एक मैदान तयार होत होते. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले, लालबाग-परळच्या चाळींत दाटीवाटीने राहिले, आणि गावचा हुतूतू, म्हणजेच कबड्डी, सोबत घेऊन गेले. या खेळाला साधन लागत नाही, आणि जागाही चाळीपुढच्या अंगणाएवढी पुरते. गिरणगावात त्याला बहर आला, आणि शिमग्याला गावी परतणाऱ्या गड्यांबरोबर शहरातले नवे डाव पुन्हा खेड्यात आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातील आणि बडोद्यातील क्रीडाप्रेमींनी त्याचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. गावच्या मातीत मरणारा आणि जिवंत होणारा गडी जगाच्या मैदानावर गेला.

या खेळात नेम कोठे आहे, असे एखाद्यास वाटेल. येथे ना खडा आहे ना चेंडू. परंतु चढाईस गेलेल्या गड्याचा हात हाच त्याचा खडा असतो. पोलादपूरच्या बाजूस, कापणी उरकलेल्या एका शेतावर आखलेल्या मैदानात, मी एकदा दुपारभर सामने पाहात बसलो होतो. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. एके काळी गिरणीच्या संघातून खेळलेले. गर्दी गुणांकडे पाहात होती, हे मात्र चढाई करणाऱ्याच्या टाचेकडे. मला म्हणाले, “टाच टेकली की गडी मेला, समजा.” मी पाहू लागलो तेव्हा उमगले. खरा चढाईबहाद्दर मधली पाटी ओलांडतो तो चवड्यांवर. डोळे कोपऱ्यातल्या गड्यावर ठेवतो आणि हात मधल्याकडे जातो. निदानरेषेपलीकडे पाय टाकताना दुसऱ्या पायात परतीची उडी आधीच भरलेली असते. दांडगाईने आत घुसणारे पुष्कळ असतात, त्यांची धाव डोळ्यांत भरते, आणि घोट्याला पकड बसली की तेथेच संपते. काहींचा हात लांब पोचतो, पण पाय जेथवर परतू शकतील त्याच्या पलीकडे पोचतो. हात पायांच्या आवाक्यात राहिला पाहिजे आणि पाय हाताच्या आज्ञेत, हा तो तोल. गोफणीचा खडा सुटण्याचा जो क्षण, तोच हा.

देशोदेशींच्या खेळांत हीच कसोटी दिसते. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या फुटबॉलात क्वार्टरबॅक म्हणून जो चेंडू फेकणारा नायक असतो, त्याने फेकलेल्या चेंडूंपैकी शेकडा किती साथीदारांनी झेलले, याचा हिशेब ठेवतात, आणि तो स्वतः किती यार्ड धावला याचाही. हिशेब हवाच, परंतु पाच-सहा धिप्पाड गडी अंगावर येत असता त्याचे पाय थाऱ्यावर होते काय, आणि पळणे भाग पडल्यावरही त्याची नजर साथीदारावर होती काय, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी त्या एका गड्याकडे, त्या एका क्षणी, पाहणारा डोळा लागतो.

त्या दुपारी शेवटचा सामना आटोपल्यावर ते वृद्ध गृहस्थ उठले, मैदानात गेले, आणि एका पराभूत संघातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. त्याला चवड्यांवर उभा राहायला लावले, दोनदा परत फिरायला लावले, आणि पुढच्या आठवड्यात सरावाला यायला सांगितले. मुलगा निघाला तेव्हा कोठे त्यांच्या ध्यानात आले की त्याचे नाव विचारायचे राहिले, आणि त्यांनी त्याला हाक मारून ते विचारले. ज्यांच्या हाती आज निवड आहे, मग ती संघाची असो, शाळेची असो वा चाकरीची, त्यांस या मुलखाच्या इतिहासाच्या आधारे माझे एवढेच मागणे आहे: हात पाहा, पाय पाहा, आणि नाव शेवटी विचारा.