सीविडचं बेणं

द्राक्षावर आपण सीविड मारतो, त्यातलं काही शेवाळ समुद्रात लावून पिकवतात. आपल्याकडं कप्पाफायकस हे मूळ फिलिपिन्सकडचं वाण. ऐंशीच्या दशकात भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेनं आणून वाढवलं. २००० नंतर पेप्सीनं तमिळनाडूत मंडपमकडं करारशेती धरली. बचत गटाच्या बाया बांबूच्या तराफ्याला तुकडे बांधायच्या, दीड महिन्यात काढणी. त्यातलेच तुकडे परत पुढच्या लागणीला, अगदी आपल्या उसागत. वर्षानुवर्षं तेच बेणं. २०१३-१४ ला समुद्र तापला अन् बेणंच मेलं. कित्येक तराफे रिकामे. २०२० ला केंद्रानं मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी ठेवले, तराफ्याला अनुदानही ठेवलं. पण उसाला पाडेगाव आहे, तसं शेवाळाच्या बेण्याला आधी पाहिजे होतं.