डॉक्टरांच्या हाताचा गुण आणि अँटिबायोटिक

'त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,' असे आपण मराठीत म्हणतो. उर्दूत त्यालाच 'दस्त-ए-शिफा' म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे ही जोडी मला पूर्वीपासून ठाऊक आहे. दोन्हीकडे गुण हाताला दिला आहे, औषधाला नाही. हकीमसाहेब नाडी पाहायचे, खाण्यापिण्याची चौकशी करायचे, पथ्य सांगायचे आणि मगच पुडी बांधायचे. गेल्या पाऊणशे वर्षांत हा गुण हातातून निघून गोळीत गेला. या बदलाचा डॉक्टरांच्या लेखणीवर काय परिणाम झाला, हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

1928 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी त्यातून वापरता येईल असे औषध तयार केले. 1945 साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून अपुरे घेतो. त्यातून जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. ते जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो. पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. औषध नवे कोरे असतानाच त्याच्या जनकाने हा इशारा दिला होता. जंतूंनाही शिकवता येते, हे वाक्य शिक्षक म्हणून माझ्या मनात घर करून राहिले आहे.

या कथेचा पुढचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला. 1954 साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. 1955 मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्यूमोनियाने, बाळंतज्वराने, चिघळलेल्या जखमेने माणसे जाताना ज्या पिढीने पाहिली होती, तिला ते इंजेक्शन चमत्कारच वाटले असणार. पुढे 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट ठेवले. त्यामुळे देशी कंपन्यांना तीच औषधे वेगळ्या पद्धतीने स्वस्तात बनवता आली. महागडी अँटिबायोटिक्स गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचली. गरिबांसाठी ही मोठीच गोष्ट होती, हे विसरून चालणार नाही.

अडचण वेगळीच आहे. सर्दी, खोकला, घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. डॉक्टरांना हे पक्के माहीत असते. तरी ते लिहून का देतात? कोणी म्हणेल अज्ञान, कोणी म्हणेल कमिशन. पण अभ्यासकांनी फॅमिली डॉक्टरांशी बसून बोलायला सुरुवात केली, तेव्हा निराळेच चित्र दिसले.

1998 साली वेल्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 21 डॉक्टर आणि 17 रुग्णांच्या मुलाखती होत्या. औषधाचा फारसा उपयोग नाही हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण रुग्णाशी असलेले संबंध बिघडू नयेत म्हणून ते ते देत होते. रुग्णांपैकी अनेकांना मात्र धीर, माहिती आणि दुखणे कमी करणारे काहीतरी हवे होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिस इथल्या बालरोगतज्ज्ञांचा अभ्यास आला. आजार विषाणूचा वाटत असूनही, 'आईबापांना अँटिबायोटिक हवे आहे' असे वाटले तेव्हा डॉक्टरांनी 62 टक्के वेळा ते दिले. तसे वाटले नाही तेव्हा फक्त 7 टक्के वेळा. फरक पाडत होता तो डॉक्टरांचा अंदाज. आईबापांचे समाधान मात्र डॉक्टर त्यांच्याशी नीट बोलले की नाही, यावर ठरत होते.

थकव्याचाही वाटा असतो. 2014 साली अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दिसले की, दवाखान्याच्या पहिल्या तासापेक्षा चौथ्या तासात अँटिबायोटिक लिहून देण्याचे प्रमाण जास्त असते. समजावून सांगायला वेळ लागतो, चिठ्ठी पटकन लिहून होते.

आता आपल्या मोहल्ल्यातला दवाखाना डोळ्यांसमोर आणा. बाहेर बाकावर माणसे खोळंबलेली असतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. 'दोन दिवसांनी परत दाखवा' हे सांगणे सोपे, येणे अवघड. 'डॉक्टरसाब, जरा पावरवाली गोळी दो,' असे म्हटले जाते. नाही दिली, तर माणूस शेजारच्या दवाखान्यात जाईल, ही डॉक्टरांची धास्तीही खोटी नसते.

यावर मला सर्वांत उद्बोधक वाटला तो इंग्लंडमधला 1997 सालचा प्रयोग. घसा दुखणाऱ्या 716 जणांचे तीन गट केले. एकाला लगेच अँटिबायोटिक, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला 'तीन दिवसांत उतार पडला नाही तरच घ्या' असे सांगितले. पहिल्या गटातल्या 99 टक्क्यांनी औषध वापरले, दुसऱ्यातल्या 13 आणि तिसऱ्यातल्या 31 टक्क्यांनी. तिन्ही गटांतले बहुतेक लोक समाधानी होते. पण ज्यांना लगेच औषध मिळाले, त्यांच्यापैकी अधिक जणांना 'यानेच बरे वाटते' असे पटले आणि पुढच्या वेळीही डॉक्टरकडेच जायचे त्यांनी ठरवले. फ्लेमिंग यांची गोष्ट जंतूंच्या शिकण्याची होती, ही माणसांच्या शिकण्याची आहे. आपोआप बऱ्या होणाऱ्या घशाचे श्रेय गोळीला मिळाले, की पुढच्या सर्दीला आपण तीच मागतो आणि डॉक्टरांचा अंदाज खरा ठरतो.

सरकारने नियम केले आहेत. 1 मार्च 2014 पासून अनेक अँटिबायोटिक्ससाठी 'शेड्यूल एच-1' लागू आहे. त्यानुसार औषधवाल्याने चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची. पाकिटावरची लाल रेघही तेच सांगते. पण हे नियम औषधाच्या दुकानापुरते आहेत, दवाखान्यातल्या खुर्चीपर्यंत ते पोहोचत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. फ्लेमिंग यांच्या गोष्टीतली ती बायको आता कल्पित राहिलेली नाही.

न्यूमोनिया, क्षयरोग, लघवीतला जंतुसंसर्ग यांत अँटिबायोटिक लागतेच. तिथे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, सांगतील तसेच घ्यायचे. पण साध्या सर्दी-खोकल्याला दवाखान्यात गेल्यावर एक वाक्य आपणच आधी बोलू या: 'डॉक्टरसाहेब, अँटिबायोटिक लागत नसेल तर नको, फक्त काय झालंय आणि परत कधी दाखवायचं, ते सांगा.' समोरच्याला काय हवे आहे, याचा अंदाज मग त्यांना बांधावा लागणार नाही.