नवउद्योजकाची मानसिकता आणि कंपनीची संस्कृती : नाशिकच्या ‘सह्याद्री’चे उदाहरण

कंपनीची संस्कृती म्हणजे मालक समोर नसताना तिथली माणसे ज्या पद्धतीने निर्णय घेतात ती पद्धत. नवी कंपनी लहान असते तेव्हा संस्थापक रोज सगळ्यांच्या नजरेसमोर असतो, त्यामुळे या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. माणसे वाढली किंवा पहिला मोठा तोटा झाला की ती उघडी पडते. तोट्याचा भार कोणावर पडतो, वाईट बातमी वरपर्यंत किती लवकर पोहोचते आणि नियम सर्वांना सारखे आहेत का, हे तेव्हा कळते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी हे समजून घेण्यासाठी चांगले उदाहरण आहे.

आधीचे अपयश

‘सह्याद्री’चे संस्थापक विलास शिंदे शेतकरी कुटुंबातले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम. टेक. केल्यावर ते नोकरीकडे न जाता शेतीकडे वळले. सुरुवातीच्या काळात गांडूळखत, दुग्धव्यवसाय असे अनेक प्रयोग त्यांनी केले. त्यातून डोक्यावर कर्ज झाले. 2004 मध्ये मोजक्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी युरोपला द्राक्षनिर्यात सुरू केली आणि तिथून पुढचा मार्ग सापडला.

नाशिकच्याच ‘सुला’ या वाईन कंपनीची सुरुवातही अशीच आहे. अमेरिकेतील ‘ओरॅकल’मधली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या कौटुंबिक जमिनीवर आधी आंबा आणि खाण्याची द्राक्षे अशी पिके घेऊन पाहिली. ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली ती 2000 मध्ये.

दोघांनीही पीक किंवा उत्पादन बदलले, पण शेतमालाला चांगला भाव मिळवून देण्याचा मूळ प्रश्न सोडला नाही. नव्या संस्थापकाने आपल्या पहिल्या कल्पनेपेक्षा ग्राहकाच्या अडचणीवर जास्त जीव लावावा, तो यासाठी.

2010 चे द्राक्षसंकट

2010 च्या हंगामात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड (सीसीसी) या वाढनियंत्रकाचे अंश आढळले आणि युरोपातील खरेदीदारांनी माल नाकारला. वेलीची वाढ आटोक्यात राहून घड जास्त निघावेत म्हणून खरड छाटणीनंतर हे औषध वापरण्याची पद्धत होती. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम इतकी कडक होती. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत मात्र हे औषध नव्हते. माल भारतात तपासणीतून पार पडला आणि युरोपात अडकला. निर्यातदार आणि बागायतदार दोघांनाही मोठा फटका बसला.

यात नवउद्योजकासाठी दोन धडे आहेत. पहिला, सरकारी यादी ही किमान अट असते. ग्राहक नेमके काय तपासतो हे कंपनीने स्वतः शोधले पाहिजे. दुसरा, बागेत कोणती फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याने न घाबरता सांगितले तरच पॅकहाऊसला धोका वेळेत कळतो. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर पुढची चूक परदेशातल्या बंदरावरच कळते.

मालकीचा नियम

याच सुमारास ‘सह्याद्री’ने शेतकरी उत्पादक कंपनीचे रूप घेतले. कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या या प्रकारात किमान दहा उत्पादक एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. वैयक्तिक सभासदांच्या अशा कंपनीत शेअर कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत मिळते. चांगल्या मालाचा फायदा आणि खराब मालाचा तोटा या दोन्हींत शेतकरी मालक म्हणून भागीदार असतो. गुणवत्तेवर कितीही भाषणे केली तरी जे साधत नाही, ते अशा रचनेमुळे साधू शकते.

पुढे मोठ्या भांडवलाची गरज पडली तेव्हा या नियमाची कसोटी लागली. उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्या गुंतवणूकदाराला देता येत नाहीत. 2022 मध्ये चार युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे 310 कोटी रुपये आले, ते ‘सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर’ या उपकंपनीत. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. तोपर्यंत सुमारे 18 हजार शेतकरी ‘सह्याद्री’शी जोडले गेले होते. पैसा कोणत्या दाराने आत घ्यायचा आणि कोणते दार बंद ठेवायचे, हे गुंतवणूकदार भेटण्याआधी ठरलेले असले तर बोलणी सोपी होतात.

पहिल्या वर्षात ठरवायच्या गोष्टी

- तोट्याचा नियम : माल परत आला किंवा ग्राहकाने पैसे बुडवले तर भार कोणी किती उचलायचा, हे भागीदारांनी आधीच लिहून ठेवावे.
- पैसे देण्याची तारीख : पगार आणि पुरवठादारांची देणी ठरल्या दिवशी द्यावीत. उशीर होणार असेल तर ते आधी सांगावे.
- वाईट बातमीची वाट : अडचण कोणाला आणि किती वेळात कळवायची हे ठरलेले असावे. कळवणाऱ्याचे नुकसान होऊ नये.
- सर्वांना एकच माप : संस्थापकाच्या भावाचा माल किंवा मित्राचे काम कमी दर्जाचे असेल तर तेही नाकारले जावे. पाहणारे यावरूनच कंपनीची पारख करतात.
- नोंद : कोणत्या खेपेत काय चुकले याची नोंद ठेवावी. तोंडी आठवणीवर दुसरा हंगाम चालत नाही.

हे उदाहरण कुठे लागू पडत नाही

सॉफ्टवेअर किंवा सेवा देणाऱ्या स्टार्टअपला उत्पादक कंपनी होता येत नाही. तिथे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजना हा मालकी वाटण्याचा जवळचा मार्ग आहे, पण त्यात एक व्यक्ती एक मत हे तत्त्व नसते. शिवाय द्राक्षासारख्या हंगामी मालात चूक सुधारण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते, तर ॲपमधली चूक त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकते. म्हणून ‘सह्याद्री’ची रचना जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. तोटा, पैसा आणि मालकी यांचे नियम अडचण येण्याआधी ठरवणे मात्र कोणत्याही कंपनीला जमू शकते, आणि त्याला भांडवलही लागत नाही.