सग्रादा फामिलिया

स्पेनमधील बार्सिलोना शहरातील जगप्रसिद्ध कॅथलिक चर्च. पायाभरणी १९ मार्च १८८२. पहिला वास्तुविशारद फ्रान्सिस्को दे पाउला देल व्हिल्यार याचा आराखडा रूढ नव-गॉथिक वळणाचा होता. मतभेद होऊन तो दूर झाला आणि १८८३ मध्ये काम आंतोनी गाउदीकडे (१८५२–१९२६) आले. देणग्यांतूनच बांधायचे ठरल्यामुळे ते अनेकदा रेंगाळले.

गॉथिक चर्चच्या भिंतींना बाहेरून दगडी टेकू द्यावे लागतात. गाउदीच्या लेखी त्या कुबड्या होत्या. त्याने आतले खांबच भाराच्या दिशेने कलते केले व वर त्यांना झाडासारख्या फांद्या फोडल्या. छताचे वजन या फांद्यांवाटे थेट जमिनीत उतरते, त्यामुळे भिंती मोकळ्या होऊन रंगीत काचांना जागा मिळते. एखादा खांब जवळून पाहावा. बुंध्याशी तो तारकाकृती असतो. तोच आकार एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पिळायचा आणि दोन्हींत सामाईक राहील तेवढाच दगड ठेवायचा, अशी ही घडण. म्हणून वर जाताना कंगोरे वाढत, बारीक होत जातात आणि खांब जवळजवळ गोल होतो. सर्वाधिक भार पेलणारे खांब पॉर्फिरीचे. इतरत्र बेसाल्ट, ग्रॅनाइट व वालुकाश्म वापरला आहे. मधल्या दालनाची उंची ४५ मीटर आहे. वास्तूचे खरे वैभव बाहेरच्या शिल्पगर्दीपेक्षा इथे आहे.

१९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने गाउदीचा मृत्यू झाला, तेव्हा एकच घंटामनोरा पूर्ण होता. तळघरातील प्रार्थनास्थळात त्याला पुरले आहे. १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या आरंभी, कार्यशाळेला आग लावण्यात आली. नकाशे जळाले, प्लास्टरच्या प्रतिकृती फुटल्या. तरीही काम पुढे सरकले, याचे श्रेय त्याच्या भूमितीला द्यावे लागेल. त्याचे वक्र पृष्ठभाग सरळ रेषा फिरवून तयार होतात, त्यामुळे उरल्यासुरल्या तुकड्यांवरूनही मूळ आकार काढता आला. पुढे संगणकाची मदत झाली.

येशूजन्माचा दर्शनी भाग गाउदीच्या देखरेखीखाली उभारला. दुसऱ्या, क्रूसारोहणाच्या बाजूवरील जोझेप मारिया सुबिराक्सची कोनदार, रुक्ष शिल्पे वादग्रस्त ठरली. विषयाच्या वेदनेला मात्र ती साजतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ७ नोव्हेंबर २०१० रोजी चर्चचे अभिषेकपूर्वक समर्पण केले. आराखड्यात अठरा मनोरे असून येशूच्या मनोऱ्याची नियोजित उंची १७२.५ मीटर आहे. माणसाचे काम मोंजुइक टेकडीहून उंच नसावे, अशी गाउदीची श्रद्धा होती. तिसऱ्या, वैभवाच्या दर्शनी भागासमोर मोठा जिना योजलेला आहे. त्यासाठी मायोर्का रस्त्यापलीकडची राहती घरे पाडावी लागतील, आणि रहिवाशांचा त्याला विरोध आहे.