काट्याचा मीटर की आकड्यांचा?

ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांनी अँपिअर, व्होल्ट व ओहम मोजण्याची सोय एकाच पेटीत केली. १९२३ साली हा 'ॲव्हो' मीटर बाजारात आला. पण व्होल्ट मोजताना काटा हलवणारा प्रवाह मूळ परिपथातूनच घ्यावा लागतो.

२०० किलोओहमचे दोन रोध एकसर जोडून १० व्होल्ट द्या. प्रत्येकावर ५ व्होल्ट हवेत. प्रतिव्होल्ट २०,००० ओहमचा काट्याचा मीटर १० व्होल्टच्या पल्ल्यावर ३.३ दाखवतो. १ मेगाओहम अंतर्गत रोधाचा स्वस्त अंकीय मीटर ४.५ दाखवतो. विद्यार्थ्याला मात्र ओहमचा नियमच खोटा वाटतो!

म्हणून शाळेने मोजमापासाठी अंकीय मीटर घ्यावा. कपॅसिटर भारित होतानाचा बदल वर्गाला दाखवायला जुना काटाच बरा.